घर आणि आरोग्य : आपल्या हातची सुई



वार्धक्यात मनुष्यास सर्वांत अधिक भय कशाचे वाटते, असे आमच्या शेजारच्या मावशींना कोणी विचारले असते, तर त्यांनी आजाराचे नाव घेतले नसते. "दुसऱ्याच्या हाताकडे पाहत बसण्याचे," असेच त्या म्हणाल्या असत्या.

बडोद्याच्या फत्तेगंज भागात राहणाऱ्या ह्या मावशींनी आयुष्यभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. 2024 च्या उन्हाळ्यात पाण्याची बादली उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली. तपासणीत एक मणका दबल्याचे दिसले. पूर्वी साध्या घसरण्याने मनगट मोडले होते, त्याचाही उलगडा झाला. हाडे विरळ व ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड हे औषध सांगितले. दररोज एक टोचणी, तीही घरीच आणि स्वतःच्याच हाताने! मावशींचा चेहरा उतरला.

ह्या औषधाची कथा मोठी नवलाची आहे. आपल्या गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या पाठीमागे बहुधा चार इवल्याशा ग्रंथी असतात. त्या प्रथम ध्यानात आल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या देहात! रिचर्ड ओवेन ह्या शास्त्रज्ञाने 19 व्या शतकाच्या मध्यास त्यांची नोंद केली. मानवी देहातील त्यांचे वर्णन स्वीडनच्या सांडस्ट्रोम ह्यांनी 1880 साली प्रसिद्ध केले. ह्या ग्रंथींचा स्राव रक्तातील कॅल्शियमचा तोल राखतो. तो सतत अधिक वाहिला तर हाडे झिजतात. परंतु त्याच्याच एका अंशाची अल्प मात्रा दिवसातून एकदाच दिली, तर हाडे बांधणाऱ्या पेशी जोमाने कामास लागतात. अमेरिकेत ह्या औषधास 2002 साली मान्यता मिळाली. तोंडाने घेतल्यास ते पोटात पचून वाया जाते. म्हणून सुईवाचून गत्यंतर नाही.

सुई मात्र पेनाच्या टोकास बसणारी, आखूड व बारीक असते. ती शिरेत किंवा स्नायूत नव्हे, तर मांडीच्या अथवा पोटाच्या कातडीखाली टोचावयाची. परिचारिकेने मावशींना रीत दाखविली. हात स्वच्छ धुवावेत, औषध पाण्यासारखे नितळ आहे ना ते पाहावे, दर वेळी नवी सुई लावावी, 20 मायक्रोग्रॅमची मात्रा घ्यावी, कळ पूर्ण दाबून सावकाश पाच अंक मोजावेत आणि मगच सुई बाहेर काढावी. वापरलेली सुई पेनाला तशीच ठेवू नये. जाड, झाकणाच्या डब्यात टाकावी. पेनांचे प्रकार निरनिराळे असतात, म्हणून सोबतचे पत्रक वाचणे अगत्याचे. आरंभी कोणाकोणास चक्कर येते. तेव्हा बसून टोचावे व लगेच उठू नये.

पहिल्या दिवशी मावशींचा हात थरथरला. सून पुढे झाली. "आई, राहू द्या, मी टोचते."

"अगं, तू कामावर गेलीस म्हणजे?" मावशी म्हणाल्या.

परिचारिका हसून सुनेस म्हणाली, "पेन त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

सून बसली. मावशींनी श्वास रोखला, टोचले आणि वर्गात मोजावे तसे मोठ्याने पाच अंक मोजले. "एवढेच होय?" असे त्या म्हणाल्या, तेव्हा सुनेच्याच डोळ्यांत पाणी होते.

खरी परीक्षा पुढेच होती. हे पेन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. ते गोठू द्यावयाचे नाही आणि वापरू लागल्यापासून 28 दिवसांनी औषध उरले तरी टाकून द्यावयाचे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीस महापूर आला, बडोद्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले, वीज गेली. मावशींचा फ्रीजही बंद पडला. घरातील सारे चिंतेत असता मावशींनी स्वतःच डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते पेन टाकून नवे घ्यावे, आणि चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एका दिवशी दोन मात्रा कदापि घेऊ नयेत, असे उत्तर मिळाले. औषध महाग, टाकताना जीव हळहळला. तरीही पाणी ओसरताच टोचणी पुन्हा सुरू झाली.

दीड वर्षाने डॉक्टरांनी हे औषध थांबविले. पण तेथे उपचार संपत नाही. बांधलेले हाड टिकविण्यासाठी त्यामागून दुसरे औषध घ्यावे लागते, अन्यथा मिळविलेले हळूहळू गळून जाते. मावशी आता आठवड्यास एक गोळी घेतात. हेही ध्यानी असू द्यावे की, हे औषध सर्वांसाठी नव्हे. हाडांवर पूर्वी किरणोपचार झालेले, हाडांत कर्करोग असलेले किंवा रक्तात कॅल्शियम अधिक असलेले रोगी ह्यांनी ते घ्यावयाचे नसते. निर्णय डॉक्टरांचाच.

वाचकहो, आपल्या घरातही असा कापरा हात असेल. दृष्टी वा बोटे साथ देत नसतील तर आपण अवश्य टोचावे. परंतु हात केवळ भयाने कापत असेल, तर घाईने पेन काढून घेऊ नये. शेजारी बसावे आणि पाच अंक त्यांच्यासोबत मोजावेत.