लेकीचं नाव ठेवताना

भोकरदन तालुक्यातलं राजूर म्हटलं की महागणपती आठवतो, अंगारकीची गर्दी आठवते. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथेच, अशी या क्षेत्राची परंपरा. पण या कथेतल्या एका बाईचं नाव फारसं कुणी घेत नाही. घरात लेक जन्मली असेल आणि बारशाची तयारी चालली असेल, तर तिची गोष्ट जरूर ऐका.

वरेण्याची राणी पुष्पिका. तिच्या कुशीजवळ जे बाळ दिसलं ते हत्तीच्या तोंडाचं. राणी घाबरली, लोकांनी अपशकुन मानला आणि राजाने बाळ रानात टाकायला लावलं. पराशर ऋषींना ते सापडलं. त्यांच्या पत्नीने त्याला उराशी धरलं, लहानाचं मोठं केलं. तिचं नाव वत्सला. पुढे त्याच लेकराने सिंदूरासुराला मारलं. ज्याच्या पायाशी आपण नवस बोलतो, तो देव गणेशपुराणाच्या या कथेत टाकून दिलेलं मूल आहे आणि त्याला वाढवणारी सख्खी आई नाही.

वत्स म्हणजे वासरू, त्यावरून लेकरू. लेकरावर जिची माया ती वत्सला. वात्सल्य हा शब्दही त्याच घरातला. अभिमन्यूशी लग्न झालेली बलरामाची मुलगीही वत्सला, म्हणून त्या कथेला वत्सलाहरण म्हणतात. खेड्यापाड्यांत या नावाचं वच्छला झालं, वच्छलाबाई झालं. आता मात्र ते ‘आजीचं नाव’ म्हणून मागे पडलंय. मला याचं वाईट वाटतं. मोबाइलवरच्या यादीतून कुठलंसं गोड वाटणारं नाव उचलायचं, त्याचा अर्थ कुणीतरी ‘देवीचं रूप’ लिहिलाय म्हणून खरा मानायचा, हे बरं नव्हे. आपट्यांच्या संस्कृत कोशात बघा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. भटजींनी ‘व’ अक्षर काढून दिलं असेल तर वत्सला समोरच आहे. दुसरं कुठलंही ठेवा, पण ते का ठेवलं हे लेक मोठी झाल्यावर तिला सांगता आलं पाहिजे.

कारण आपल्याच महाराष्ट्रात असंही नाव ठेवलं गेलं, ज्याचा अर्थ मुलीला सांगावाही लागला नाही. नकुसा. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगीच झाली, म्हणून नकुसा, नकोशी. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव पुकारलं जायचं. सातारा जिल्ह्यात अशा 280 हून अधिक मुली शोधून काढल्या आणि ऑक्टोबर 2011 मध्ये समारंभ करून त्यांना नवी नावं दिली. त्यांतल्या अनेक मुलींनी आपली नावं स्वतः निवडली. तुमच्या ओळखीत अशी एखादी मुलगी अजून असेल तर तिच्या आईवडिलांशी बोला. राजपत्रातून नाव बदलता येतं, ते काम लांबवू नका.

आणि कागदाचं तेवढं सांभाळा. रेशनकार्डावर वच्छला, दाखल्यावर वत्सला, आधारवर तिसरंच, असं झालं की पुढे पेन्शन, वारसा, बँक, सगळीकडे त्याच बाईला हेलपाटे पडतात. मराठीत आणि इंग्रजीत अक्षरं कशी लिहायची ते पहिल्याच दिवशी ठरवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. बारसं नंतर झालं तरी नोंदीत नाव वर्षाच्या आत फी न भरता घालता येतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि नंतर आडनाव लिहायचं आहे. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाल तेव्हा बाळाच्या आईचं नावही अक्षर न् अक्षर तपासून घ्या.