आंब्याखालचा पॉवर टिलर



म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. ठाणे जिल्ह्यातला शेतकरी ही जत्रा ओळखतो ती बैलबाजारासाठी. धम्म स्वीकारल्यापासून आमच्या वाडीतले कोणी नवस फेडायला तिथे जात नाही. पण बैल बघायला वाडवडील जात असत. आता बैलही सुटला. वैरण महाग, गुरे राखायला माणूस नाही, आणि तीस गुंठे भातखाचरासाठी वर्षभर जोडी पोसणे कोणाला परवडते? म्हणून पाऊस लागला की आमची घरे दुसऱ्याची जोडी नाहीतर भाड्याचा ट्रॅक्टर शोधत फिरत.

भाड्याचे औत म्हटले की नंबर आला. ज्याचे औत त्याचे शेत आधी, मग त्याच्या भावकीचे, मग मोठ्या खाचरांचे. आमच्या वाडीचा नंबर शेवटचा. भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावले तर फुटवे चांगले येतात. आमच्या आत्याच्या राबात रोप चाळीस दिवसांचे होई, तरी चिखलणीला औत मिळत नसे. म्हातारे रोप लावायचे आणि पीक कमी आले की नशिबाला बोल लावायचा. पण यात नशीब कुठे आले? नंबर उशिरा आला, एवढेच.

आणि गंमत अशी की विहारामागच्या आंब्याखाली वाडीचा स्वतःचा पॉवर टिलर गंजत पडला होता! तीसेक वर्षांपूर्वी गटाने कर्ज काढून घेतलेला. काही वर्षे चालला, मग बिघडला. दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर बैठका झाल्या, दुरुस्ती मात्र झाली नाही. सगळ्यांची वस्तू ती कोणाचीच नाही, अशी गत. कोंबड्या त्याच्या सीटखाली अंडी घालू लागल्या. मागच्या उन्हाळ्यात भंगारवाला आला, किलोचा भाव बोलला, आणि निम्मी वाडी विकायला तयार झाली. वंदनेनंतर बैठक बसली तेव्हा आत्या एवढेच म्हणाली, "विका खुशाल. पण येत्या आगोटीला माझ्या खाचरात औत कोण घालणार, तेवढं आधी सांगा."

यावर उत्तर कोणाजवळ नव्हते. आठ जणांनी ढकलत टिलर आमच्या पडवीत आणला.

हे यंत्र मोठ्या ट्रॅक्टरचे लहान भावंड नव्हे, त्याची जातकुळीच वेगळी. जपानच्या लहान भातखाचरांसाठी ते वाढले. आपल्याकडे बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या साहाय्याने आणि १९७३ साली स्थापन झालेल्या केरळ सरकारच्या कामकोने कुबोटाच्या तंत्राने असे टिलर बनवले. एक आडवा सिलिंडर, पाण्याने थंड होणारे बारा-तेरा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, व्ही-बेल्टवर चालणारा गिअर आणि मागे फिरणाऱ्या पात्यांचा रोटर. मोठा ट्रॅक्टर ज्या खाचरात वळत नाही तिथे हा वळतो.

आम्ही पडलो कारकून. जमाखर्च कळतो, पिस्टन कळत नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर असलेला पुतण्या रविवारी येई, आणि आमची थोरली मुलगी पाना हातात घेऊन त्याच्याजवळ बसे. आमच्याकडे वही. खोललेला प्रत्येक नट कोणत्या डब्यात, कुठला भाग कुठून निघाला, काय आणले, किती पैसे गेले, हे आम्ही लिहिले. पुढे जोडणीच्या वेळी ती वहीच कामाला आली.

इंजिन जाम होते. टाकीत वर्षानुवर्षे पाणी राहिलेले, आतून गंज. पुतण्याने हातोडा घेऊ दिला नाही. नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडले आणि आठ दिवस हात लावला नाही. नंतर फ्लायव्हील थोडेथोडे मागेपुढे करत सोडवले. हेड खोलल्यावर लायनरला चरे पडलेले दिसले. लायनर, रिंगा आणि पॅकिंग नवे घातले. डिझेल पंप आणि नोझल मात्र घरी खोलले नाहीत. ते काम बारीक मापाचे, ते पंप-नोझलच्या दुकानातच द्यावे. बेल्ट तिन्ही एकदम बदलले. एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो लवकर तुटतो.

चालू करताना दोन गोष्टी शिकलो. डिझेलच्या नळीत हवा असेल तर इंजिन कितीही हॅण्डल मारा, उठत नाही. नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते. दुसरी गोष्ट पुतण्याचे मनगट सुजले तेव्हा कळली. हॅण्डल उलटे फिरू शकते, म्हणून अंगठा मुठीभोवती आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आणि चालू रोटरच्या मागे लहान मुलाला उभे करायचे नाही, कधीच नाही.

तिसऱ्या रविवारी इंजिन धडधडले. वाडी गोळा झाली. पण दोनच दिवसांत गिअरचे ऑइल दुधासारखे पांढरे झाले. रोटरचे ऑइल सील गेलेले, चिखलाचे पाणी आत शिरत होते. पुन्हा खोलले, पुन्हा वर्गणी. काहींनी तोंडे फिरवली. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की सारे सुरळीत झाले.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमीन लहान म्हणून शेती तोट्यात, असे सगळे म्हणत असताना त्यांनी विचारले की त्या जमिनीच्या जोडीला भांडवल आणि अवजारे किती आहेत? जमिनीचा आकार एकटा काही ठरवत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेतीवरचा माणसांचा भार कमी व्हावा म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, हेही त्यांनी त्याच निबंधात सांगितले. पुढे १९२८ साली महार वतनाविरुद्ध त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५९ साली, आणि ठरलेली रक्कम भरून आमच्यासारख्यांच्या जमिनी नावावर झाल्या. जमीन नावावर आली, पण औत दुसऱ्याच्या दावणीला राहिले. मग ती पुरती आपली कशी म्हणायची?

गेल्या पावसाळ्यात टिलरने वाडीतली पाच घरांची खाचरे चिखलली. दोन घरांनी विश्वास नाही म्हणून भाड्याचाच ट्रॅक्टर आणला. त्यांना आम्ही दोष देत नाही. पहिले खाचर आत्याचे. तिचे रोप बाविसाव्या दिवशी लागले. टिलर एकदा मधोमध रुतला, तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने आपली बैलजोडी लावून तो ओढून काढला, आणि आम्ही त्याच्या कोपऱ्यातल्या खाचरात दोन फेऱ्या मारून दिल्या. डिझेल ज्याचे त्याने घालायचे, तासाप्रमाणे थोडी रक्कम दुरुस्तीच्या डब्यात टाकायची, आणि नंबर दरवर्षी खालून वर फिरवायचा, असे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत.

आपल्या वस्तीत असे यंत्र पडून असेल तर विकण्याआधी एकदा फ्लायव्हील फिरवून पाहा. इंजिनचा ब्लॉक किंवा गिअरची पेटी तडकली असेल तर मोह धरू नका, भंगारात द्या. नवे घ्यायचे असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना २०१२ साली आली. तेव्हा साडेतीन लाखांची मर्यादा आणि गटाचा वाटा १० टक्के होता. सध्याच्या अटी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा. पण अनुदान यंत्र देते, ऑइल बदलून देत नाही. यंत्र घ्याल त्याच दिवशी वही घाला आणि वाडीतल्या दोघांना, त्यात एका मुलीला, ते खोलायला शिकवा.

भात कापून झाले की पाणी पूर्ण काढावे, डिझेलची टाकी भरून ठेवावी म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि हॅण्डल जड लागेल तिथे पिस्टन थांबवावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून सिलिंडरमध्ये ओल शिरत नाही. आमच्या टिलरचे हे काम मुलीने केले आणि वहीत तारीख टाकून सही केली. कोंबड्यांना आता दुसरी जागा शोधावी लागणार आहे.

जयभीम!