कॅसेटची दुसरी बाजू

या जुलैत आटगावला पाऊस लागला तो चार दिवस थांबलाच नाही. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून आम्ही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. रजया ओल्या झाल्या की काय, ते पाहायचे होते. रजया कोरड्या निघाल्या. त्यांच्याखाली चपलांच्या खोक्यात मात्र 26 कॅसेट सापडल्या आणि निम्म्यांवर पांढरी बुरशी.

मुलीने एक उचलून विचारले, "अब्बा, यात किती गाणी बसायची?" दोन्ही बाजू मिळून तासाभराची, असे सांगितल्यावर ती हसली. आम्हाला वाईट वाटले नाही. खोक्यातल्या वीस कॅसेट टाकून द्यायला काहीच हरकत नव्हती. हबीब पेंटर आणि अझीझ नाझां यांच्या कव्वाल्या, साबरी ब्रदर्स, कारी अब्दुल बासित यांची किरात. हे सगळे आज मोबाइलवर मिळते आणि आमच्या घासलेल्या फितीपेक्षा स्वच्छ ऐकू येते. शेख अल-हुसरी यांच्या आवाजातले संपूर्ण कुरआन 1961 मध्ये ध्वनिमुद्रित झाले होते, तेही आज खिशात मावते.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न उरलेल्या सहा कॅसेटचा आहे. त्यांच्यावर कुठल्याही कंपनीचे नाव नाही.

फिलिप्सने कॅसेट 1963 मध्ये आणली, पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ती आली आखाती देशांतून. सौदीला, कुवेतला, दुबईला गेलेला माणूस पहिल्या सुट्टीत टू-इन-वन घेऊन यायचा. ग्रामोफोनची रेकॉर्ड घरात फक्त ऐकता येत असे. टेपरेकॉर्डरला मात्र लाल बटण होते. ज्यांचा आवाज कुठलीच कंपनी घेणार नव्हती, त्यांचा आवाज या बटणामुळे टिकला.

आमचे मामू कुवेतला वेल्डर होते. नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे म्हणजे घरातली गोष्ट गल्लीत जायची. म्हणून मामू एका बाजूला बोलत आणि सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात कॅसेट पाठवत. दुसऱ्या बाजूला घरातली मंडळी बोलत आणि तीच कॅसेट परत जाई. मामू ती ऐकत आणि त्यावरच नवे बोलणे भरत. कॅसेट महाग होती, म्हणून प्रत्येक उत्तर आधीचे बोलणे पुसत असे. कित्येक वर्षांच्या गप्पा गेल्या, एक कॅसेट राहिली.

ती राहिली त्याचेही कारण आहे. उत्तर भरून झाले, पण नेणारा मिळेना. तेवढ्यात 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतले. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय मायदेशी आणले. मामू त्यांत होते. माणूसच घरी आल्यावर त्याला पाठवायची कॅसेट कोण आठवणार? पुढे नानीचा इंतकाल झाला आणि कॅसेट पेटीत गेली.

दुसऱ्या एका कॅसेटबद्दल लिहायला लाज वाटते. खालाच्या लग्नात नानीने गायलेली हळदीची गाणी तिच्यात होती. वरून कोणी काही भरू नये म्हणून मामूंनी मागच्या कडेचे प्लास्टिकचे छोटे तुकडे मोडून ठेवले होते. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येते, हे आम्हाला शाळेतल्या मित्राने शिकवले. आम्ही तेरा वर्षांचे होतो. आज तिच्यात रेडिओवरची सिनेमाची गाणी आहेत.

नानीची कॅसेट लगेच लावली नाही, ते बरे झाले. बुरशी आलेली फीत तशीच वाजवली तर ती टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. घरच्या टेपचा रबरी पट्टा तर वितळून डांबरासारखा झाला होता. कल्याणला एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने पट्टा बदलून दिला, फीत साफ केली, ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळली. मग टेपच्या हेडफोनच्या जागेतून वायर संगणकाला जोडून ऑडॅसिटी या फुकट प्रणालीत आवाज भरला. तासाभराची फाइल सुमारे 600 एमबीची झाली. दोन वेगळ्या जागी प्रती ठेवल्या. काम एका दुपारचे आहे, पण फीत कुजल्यावर ते कोणालाच जमणार नाही.

बी बाजूच्या सुरुवातीलाच नानी स्वतःचे नाव सांगते आणि म्हणते, आज बकरी ईदचा दुसरा दिवस. म्हणजे जुलै 1990 चा पहिला आठवडा. गौहर जान यांनी 1902 मध्ये कलकत्त्यात रेकॉर्ड भरल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव उच्चारत. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या लोकांना हा आवाज कोणाचा ते कळावे लागे. नानीने गौहर जान ऐकली नसणार. कॅसेटवरचा कागद मात्र कधीच निघून गेला आहे. नाव आणि दिवस आवाजात होता म्हणून सापडला. तुम्ही मोबाइलवर घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे भरत असाल, तर हे आधी बोलून घ्या.

मोबाइलवर सगळा भरवसा टाकावा असेही नाही. विंक म्युझिक 2024 मध्ये बंद झाले. सारेगामाने 2017 मध्ये 5000 गाणी भरलेला कारवां काढला आणि वडीलधाऱ्यांनी हौसेने घेतला. अमेरिकेत 2022 मध्ये रेकॉर्ड 4 कोटी 10 लाख खपल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर असे प्रथमच झाले. लोकांना हातात धरता येणारी वस्तू हवी असते, हे खरे. पण शोभेसाठी ग्रामोफोन विकत घेण्यात आम्हाला रस नाही. बाजारातल्या गाण्याच्या प्रती कुठेतरी असतात, नानीच्या आवाजाची एकच होती.

मागच्या रविवारी शहापूरला जाऊन मामूंना ती ऐकवली. पस्तीस वर्षांपूर्वीचे उत्तर त्यांना आता मिळाले. नानी म्हणते, पत्रे बदलायचे राहू दे, पैसे नको पाठवू, तूच ये. मागे आमचा दहा वर्षांचा आवाज तेराचा पाढा म्हणतो आणि चुकतो. शेवटी नानी गाणे सुरू करते आणि दुसऱ्या ओळीत फीत संपते.

मामू बराच वेळ गप्प होते. मोबाइलवर पाठवतो म्हटले तर म्हणाले, "ते पाठव. पण ही मला दे." त्यांच्या घरी टेप नाही. तरी दिली. देण्याआधी मागचे दोन्ही तुकडे मोडले.