सोनें धुण्याचा पाळणा

या सदराचे एक वाचक लिहितात कीं, त्यांच्या धाकट्या पुतण्यानें माळ्यावरचें मोडकें खोकें, तेलाचा पत्र्याचा डबा आणि एक जुनें कांबळें घेऊन अंगणांत ठोकाठोकी चालविली आहे. काय करतोस म्हणून विचारलें तर "नदींतलें सोनें धुण्याचें यंत्र" असें उत्तर मिळतें. अमेरिकेंत लोक अशीं यंत्रें घरच्या घरीं बनवितात, असें त्यानें कोठें तरी पाहिलें आहे. घरांतील वडीलधारी मंडळी हंसतात. खुद्द पत्रलेखकांस मात्र हंसावें कीं उत्तेजन द्यावें हें उमगत नाहीं. आमचें मत विचाराल तर हंसूं नये. मुलगा सांगतो तें खरें आहे, व त्याच्या मागें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे. मात्र त्या इतिहासांतून काय शिकावयाचें, हें त्याला वडिलांनीं सांगितलें पाहिजे.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. सोनें पाण्याच्या १९.३ पट जड असतें. नदीची साधी वाळू २.६५ पट, आणि तिच्याबरोबर सांपडणारी काळी लोहयुक्त वाळू सुमारें ५ पट जड भरते. ह्या तिन्ही वस्तु पाण्यांत ढवळल्या कीं, पांढरी वाळू आधीं वाहून जाते, काळी रेंगाळते व सोनें तळ गांठतें. आमच्या घरांतील वृद्ध स्त्रियांना हें पुस्तकावांचून ठाऊक आहे. निवडलेले तांदूळ पिशव्यांतून येऊं लागण्यापूर्वीं त्या घरीं तांदूळ रोळीत. तेव्हां पाण्याच्या हेलकाव्यासरशीं तांदूळ पुढें सरत आणि खडे भांड्याच्या बुडाशीं उरत. सोनें शोधणारा आपली परात नेमकी अशीच रोळतो. गृहिणी बुडाशीं उरलेलें फेंकून देते, हा त्याच्यासाठींच राबतो, इतकाच काय तो भेद.

२४ जानेवारी १८४८ रोजीं कॅलिफोर्नियांत कोलोमा येथें जेम्स मार्शल नांवाच्या सुताराला, जॉन सटर याच्या लांकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटांत सोन्याचे कण दिसले. पुढील सात वर्षांत सुमारें ३ लाख माणसें त्या प्रांतांत लोटलीं. आरंभीं बहुतेकांपाशीं फावडें आणि परात यांखेरीज कांहीं नव्हतें. गार पाण्यांत वांकून दिवसाकांठीं ५० पराती धुणें ही कष्टाळू माणसाची मजल. आयझॅक हंफ्री या गृहस्थानें पूर्वीं जॉर्जिया संस्थानांतील सोन्याच्या खाणींवर काम केलें होतें. त्यानें त्याच वर्षीं कोलोमा येथें एक लांकडी पेटी बनवून चालविली. तिला बाळाच्या पाळण्यासारखे बांकदार पाय होते, म्हणून तिला पाळणा हेंच नांव रूढ झालें.

पाळण्याची रचना अशी. तीन-चार फूट लांबीची, एका तोंडाशीं उघडी असलेली पेटी घ्यावयाची. तिच्या मागील भागावर दुसरी लहान व सुटी पेटी बसवावयाची. हिच्या तळाशीं साधारण अर्ध्या इंचाचीं भोंकें पाडलेला पत्रा. या चाळणीखालीं चौकटीवर जाड कापड किंवा कांबळें थोडा झोळ देऊन मागच्या बाजूस तिरपें ताणावयाचें. मोठ्या पेटीच्या तळावर आडव्या पट्ट्या ठोकावयाच्या, आणि खालीं दोन बांकदार पाय बसवावयाचे. वरच्या पेटींत रेती घालून एका हातानें पाणी ओतावें व दुसऱ्या हातानें दांडा धरून पाळणा हलवावा. गोटे वर अडकतात. ते पाहून टाकून द्यावे. बारीक रेती कांबळ्यावरून मागें उतरते व पट्ट्यांवरून पुढें वाहत जाते. सोनें कांबळ्याच्या लवेंत व पट्ट्यांच्या आडोशाला बसतें. दिवसअखेर कांबळें बादलींत धुवून, पट्ट्यांमागचा गाळ खरवडून, तेवढाच परातींत रोळावयाचा.

कांबळ्याची ही युक्ति फार जुनी आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील कॉल्किस देशांत लोक भोंकें पाडलेल्या पन्हळी व मेंढ्यांचीं लोंकरीसह कातडीं ओढ्यांत ठेवून सोनें धरीत, असें स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. आज फळ्यांच्या जागीं फुटकी प्लास्टिकची बादली चाळणी होते, आणि पायपुसण्याची खोबणीदार रबरी चटई पट्ट्यांचें काम करते. पाळण्याऐवजीं वाहत्या पाण्यांत नुसती पन्हळ ठेविली तरी चालतें. तिला दर फुटामागें सुमारें एक इंच उतार द्यावा. अधिक दिल्यास पाणी सोनेंही घेऊन जातें; कमी दिल्यास वाळू पट्ट्यांमागें गच्च बसते आणि सोन्याला जागा उरत नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं, कारण पाळण्याचें खरें महत्त्व त्यांत आहे. सॅम्युएल ब्रॅनन या व्यापाऱ्यानें १८४८ सालीं पराती, कुदळी व फावडीं आधीं आपल्या दुकानांत भरून घेतलीं, आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून सोनें सांपडल्याची आरोळी दिली. नदींत पाऊल न घालतां त्या प्रांतांतील आरंभींच्या लक्षाधीशांत त्याची गणना झाली. उलट ज्याला पहिलें सोनें दिसलें तो मार्शल १८८५ सालीं दारिद्र्यांत मेला. सटरची शेतीवाडी आलेल्या लोंढ्याखालीं तुडविली गेली. ज्यानें महागडीं हत्यारें उसनवारीनें घेतलीं त्याचें सोनें आधीं दुकानदाराच्या तराजूंत पडे. घरीं ठोकलेल्या पाळण्यानें नदींतलें सोनें वाढत नसे; परंतु जें निघे तें काढणाऱ्याच्या पदरीं राही.

पुढें १९२९ नंतरच्या मंदींत हाच अनुभव पुन्हां आला. अमेरिकेंतील बेकार माणसें बायकामुलांसह जुन्या नदीखोऱ्यांत परतलीं व मिळेल त्या फळ्यापत्र्यांचे पाळणे ठोकून पोट भरूं लागलीं. १९३४ मध्यें सरकारनें सोन्याचा भाव औंसास २०.६७ डॉलरांवरून ३५ डॉलरांवर नेला, याचाही त्यांना आधार झाला. श्रीमंत होण्याची आशा त्यांतील थोड्यांनाच असेल. संध्याकाळच्या भाकरीपुरतें मिळालें म्हणजे झालें.

आपल्या देशालाही ही विद्या नवी नव्हे. युधिष्ठिराच्या राजसूयप्रसंगीं मुंग्यांनीं उकरलेलें 'पिपीलिक' नांवाचें सोनें नजराणा म्हणून आल्याचा उल्लेख सभापर्वांत आहे. सुवर्णरेखा नदीच्या नांवांतच सोनें आहे. छोटा नागपूर, बालाघाट या भागांत सोनझरा नांवाची जात पिढ्यान् पिढ्या लांकडी पात्रांत रेती धूत आली. आणि आमच्या शहरांतून झारेकरी सोनारआळींतील केर, राख व गटाराचा गाळ धुवून त्यांतील सोन्याचा कीस वेगळा काढतात. या मंडळींपैकीं कोणाचे वाडे उभे राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. त्याचें कारणही उघड आहे: एक घनमीटर रेती म्हणजे दीड टनाहून अधिक भार, तेवढ्यांत ग्रॅमाचा कांहीं अंश सोनें निघालें तरी खाणवाले तो थर चांगला समजतात.

तेव्हां मुलाला यंत्र करूं द्यावें, पण त्याची परीक्षा घरींच घ्यावी. पितळेच्या बारीक तारेचे मोहरीएवढे २० तुकडे मोजून बादलीभर वाळूंत मिसळावे, ती पाळण्यांत धुवावी, आणि किती परत मिळतात तें पुन्हां मोजावें. पितळ पाण्याच्या सुमारें साडेआठ पट जड असतें. जो पाळणा पितळ राखतो तो तेवढेच सोन्याचे कण निश्चित राखील. २० पैकीं १२ च आले तर उतार बदलावा, पट्ट्यांची उंची बदलावी, पाणी हळू सोडावें व पुन्हां मोजावें. परात लोखंडी असल्यास आधीं चुलीवर चांगली तापवून तिचा तेलकटपणा घालवावा, नाहीं तर अगदीं बारीक कण पाण्यावर तरंगून निसटतात. या मोजदादींत वस्तूच्या जडपणाचा धडा मिळतोच, शिवाय आपल्या हातचें काम निष्ठुरपणें तपासण्याची संवय लागते.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगतों. नदीपात्रांतील खनिजावर आपल्याकडे शासनाचा अधिकार चालतो. परवानगीवांचून रेती उपसूं नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. डोळ्यांना न दिसणारें सोनेंही हातीं यावें म्हणून कोणी पारा वापरण्याचा सल्ला देईल. पारा सोन्याला मिठी मारतो, आणि तो गोळा तापविला कीं पारा उडून सोनें मागें राहतें, हें खरें. परंतु उडालेला पारा नाहींसा होत नाहीं. त्याची वाफ श्वासावाटे शरीरांत जाते, मेंदू व मज्जातंतु बिघडविते, आणि गर्भांतील बालकाला सर्वांत अधिक बाधते. कॅलिफोर्नियांत त्या काळीं सांडलेला पारा आजही नद्यांत व सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत आहे. तेथील कांहीं मासे किती खावे यावर अद्याप मर्यादा सांगितली जाते. पाऱ्याला आळा घालण्यासाठीं २०१३ सालीं मिनामाता करार झाला, तो २०१७ पासून अमलांत आहे. ज्या घरांत लेंकुरें रांगतात, त्या घराच्या चुलीवर, अंगणांत किंवा गच्चीवर पारा तापविणें म्हणजे गुंजभर सोन्यासाठीं वंशाचें आरोग्य गहाण टाकणें होय.

पाळण्याला आणि पाण्याला जें राखतां येत नाहीं तें नदीचें समजून नदीला सोडावें. एवढी मर्यादा मुलाला पटली असेल, तर त्याच्या हातीं खुशाल हातोडी द्यावी. आणि खिळे सरळ ठोकले आहेत कीं नाहींत, हें मात्र एकदां जाऊन पाहावें.