कॅसेट परत आली, पण कोणाची?

दर दोन-तीन महिन्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकतंच: कॅसेट परत येतेय! सोबत गुलाबी पारदर्शक कॅसेटचा फोटो, खाली पेन्सिलीने टेप गुंडाळण्याचा तोच जुना विनोद, आणि त्यावर पंधरा-वीस हसरे चेहरे. नॉस्टॅल्जिया हा आमच्या पिढीचा राष्ट्रीय छंद आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण या विषयावर माझं एक ठाम मत आहे आणि आज शनिवार आहे, तेव्हा लिहून टाकतो.

मत एवढंच: नवी कॅसेट विकत घेण्याआधी गावच्या घरातली जुनी कॅसेट माळ्यावरून खाली काढा.

आता जरा सविस्तर.

बातमी खोटी नाहीये. ब्रिटनमध्ये २०१२ साली वर्षाला चार हजारसुद्धा कॅसेट खपत नव्हत्या, २०२२ मध्ये सुमारे १,९५,००० खपल्या. ऐकायला भारी वाटतं. पण १९८९ साली तिथेच ८ कोटींच्या वर खपत होत्या हे सांगितलं की हवा निघून जाते. शिवाय यातल्या बऱ्याच कॅसेट ऐकण्यासाठी घेतल्याच जात नाहीत, आवडत्या गायकाची आठवण म्हणून शेल्फवर ठेवल्या जातात. फ्रिजवर लावायच्या मॅग्नेटसारखं काहीतरी!

तांत्रिक बाजूनेही हे पुनरागमन तसं लंगडंच आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या प्लेयरच्या पोटात एकाच जुन्या स्वस्त जपानी यंत्रणेची नक्कल असते. डॉल्बी नॉइज रिडक्शन आता नव्या मशीनमध्ये मिळत नाही. थोडक्यात, नवं कोरं मशीन १९८५ च्या चांगल्या डेकपेक्षा वाईट वाजतं. फिलिप्सच्या लू ओटन्स आणि त्यांच्या टीमने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली तेव्हा हेतू साधा होता, खिशात मावेल असा टेप. पुढे खुद्द ओटन्सना कॅसेटचं फार कौतुक उरलं नव्हतं, सीडी आल्यावर ते सीडीच्या बाजूने उभे राहिले. ज्याने बनवली तोच पुढे गेला, आपण मात्र मागे वळून बघतोय :)

आपल्याकडे तर कॅसेट परत आलीच नाही, परत आली ती गाणी. सारेगामाने २०१७ साली कारवां काढला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत पाच हजार गाणी. मराठीतलाही आला. अनेक घरांत आई-बाबांना भेट म्हणून तो गेला आणि त्यांना तो मनापासून आवडला. मला यात काही वावगं दिसत नाही. गाणं ऐकायचंय ना? मग ते कशावरून वाजतं याने फारसा फरक पडत नाही.

मग फरक कशाने पडतो? त्यासाठी आमच्या जिल्ह्याचीच गोष्ट सांगतो.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. पेशाने वकील, राहिले कायम बुलढाणा जिल्ह्यात. त्यांना १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'खूणगाठी'साठी, पण त्यांचं नाव घराघरात गेलं ते त्याच्या कितीतरी आधी, 'शीळ' या कवितेमुळे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींनी ती गायली, एचएमव्हीने तिची रेकॉर्ड काढली आणि मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आजही सुरुवात बहुतेक तिथूनच होते. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. भावगीत नावाचा आटोपशीर प्रकार त्या तीन मिनिटांत अगदी चपखल बसला. कविता मेहकरात राहणाऱ्या माणसाची आणि ऐकणारे अख्ख्या महाराष्ट्रात, ही किमया त्या तबकडीची.

आणि ते गाणं टिकलं कसं? तर त्याच्या भरपूर प्रती निघाल्या म्हणून. शंभर फुटल्या तरी एखादी कोणाच्या तरी ट्रंकेत उरतेच. ती जपणारे लोकही असतात. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था नेमकं हेच काम करत आली.

कॅसेटने याच्या पुढची उडी मारली. एक म्हणजे वेळ वाढला. साठ किंवा नव्वद मिनिटांत आख्खं कीर्तन मावायला लागलं, गजानन विजय ग्रंथाचे एकवीस अध्याय कॅसेटच्या संचात बसायला लागले. दुसरं म्हणजे कॅसेट काढणं स्वस्त झालं. ऐंशीच्या दशकात टी-सीरीज आणि इतर छोट्या कंपन्यांनी एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हे अख्खं पुस्तक याच विषयावर लिहिलं. ज्या गाण्यांना मोठ्या कंपन्यांच्या स्टुडिओत सहजी दार उघडलं नसतं ती भीमगीतं, लोकगीतं, तमाशातली गाणी गावोगाव पोचली. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जमणाऱ्या गर्दीतून कॅसेट घरी आल्या, शेगावच्या वारीतून आल्या, जत्रेतून आल्या.

पण तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि नॉस्टॅल्जियाच्या लेखांत नेमकी तीच नसते. टू-इन-वनवर एक लाल बटण होतं. रेकॉर्डचं.

सामान्य माणसाच्या हातात स्वतःचा आवाज साठवायचं साधन पहिल्यांदा आलं ते तेव्हा. आमच्या मेहकर तालुक्यातल्या आजोळी एका चपलेच्या खोक्यात एकोणीस कॅसेट होत्या. दोन वर्षांपूर्वी मी त्या मागितल्या तेव्हा मामांचा पहिला प्रश्न, "काऊन रे, कायले पाह्यजे तुले हे भंगार?" त्यातल्या बारा बाजारातल्या होत्या, त्यांतलं सगळं आज फोनवर दोन सेकंदांत मिळतं. उरलेल्या सात घरी भरलेल्या. गावातल्या सप्त्यातलं एक कीर्तन, माझ्या मामेबहिणीचं बोबडं बोलणं, आखाती देशात गेलेल्या काकांना पाठवायची म्हणून भरलेली आणि कधीच न पाठवलेली 'बोलकी चिठ्ठी', आणि १९८८ सालची मावशीच्या लग्नातली हळद. हळद दळताना आजी आणि शेजारच्या बायका जात्यावर ओव्या म्हणताहेत, मध्येच कोणीतरी हसतंय, मागे जात्याची घरघर. साधारण अकरा मिनिटं. त्यानंतर खट्ट आवाज, आणि थेट 'आशिकी'ची गाणी! कोऱ्या कॅसेटला पैसे पडायचे, त्यामुळे १९९० नंतर कोणीतरी आजीवरच 'आशिकी' भरली.

ती कॅसेट मी आधी शहरातल्या एका दुकानात डिजिटल करायला दिली होती. फाईल आली ती एकदम स्वच्छ. इतकी स्वच्छ की त्यांच्या सॉफ्टवेअरने जात्याची घरघर 'नॉइज' समजून काढून टाकली होती आणि आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला होता. कॅसेट शाबूत होती म्हणून निभावलं, मग मीच घरी पुन्हा केलं. ओवीतून जातं काढलं तर उरतं काय?

आता इंजिनियरच्या भाषेत बोलतो. 'आशिकी'च्या लाखो प्रती आहेत. 'शीळ'च्या तबकड्या संग्राहकांकडे आहेत. त्या हळदीची जगात एकच प्रत होती, तीही चपलेच्या खोक्यात. ऑफिसात अशा डेटाला आपण सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो आणि बॅकअप नसेल तर रात्रीची झोप उडते. घरच्या बाबतीत मात्र आपण निवांत असतो. आणि त्या खोक्याचं हवामान बघा. बुलढाणा घाटावर, तिथे जरा तरी बरं, पण घाटाखाली शेगाव-खामगावकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय तापतं ते तिथल्या माणसालाच विचारा. वर पावसाळ्यात दमट हवा आणि टेपवर पांढरी बुरशी.

हे काम संघटितपणे केलं तर काय होऊ शकतं याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. शेकडो गावांतून लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या, नव्वदच्या दशकात त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रितही झाल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट, गावासकट. पण तुमच्या घरच्या खोक्यापर्यंत कोणताही प्रकल्प पोचणार नाहीये. ते काम तुमचंच.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठाय? तर हिशोब सांगतो. जुना पण चालू डेक आणा किंवा उसना घ्या. हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेटच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची टोकं आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. डेकच्या लाइन आउटमधून लॅपटॉपला जोडा आणि ऑडासिटीत रेकॉर्ड करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कॉम्प्रेशन न करता. नव्वद मिनिटांची कॅसेट दीड जीबीच्या आसपास बसते, म्हणजे मोबाईलवरच्या एका सिनेमाएवढी. आवाज घुमा येत असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू हलकेच फिरवून बघा, पुष्कळदा दोष टेपचा नसतो, हेडच्या कोनाचा असतो. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा, साफसफाई करायचीच तर कॉपीवर करा. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावा-बहिणीकडे. यात शॉर्टकट एकच नाही: नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. पण मशीन लावून तुम्ही स्वयंपाक करू शकता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी त्या अकरा मिनिटांची फाईल मामींना ऐकवली तेव्हा त्यांनी एकेक आवाज ओळखला. ही अमकीची सासू, ही गुजरीतल्या घरची, हसली ती मावशीची मैत्रीण. मी ते सगळं वेळेसकट लिहून घेतलं. टेपवरची लोहाची भुकटी अजून वीस वर्षंही तग धरेल कदाचित, बऱ्याच कॅसेट दिसतात त्यापेक्षा चिवट असतात. पण त्या आवाजांना नाव देऊ शकणारी माणसं आज सत्तर-पंचाहत्तरीची आहेत. ती गेली की उरेल ती फक्त 'अज्ञात स्त्रिया, हळद, सुमारे १९८८' अशी फाईल.

तेव्हा हौस म्हणून गुलाबी कॅसेट जरूर घ्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त दिवाळीला घरी जाल तेव्हा येताना ते खोकं घेऊन या. आणि त्याच सुट्टीत, ते ऐकून ओळखू शकणाऱ्या माणसाशेजारी वही घेऊन बसा.