विज्ञानाचा तास आणि शाळा मंडळाचा ठराव

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे गाव आहे. भोवती शेती, माणसे नेमाने चर्चला जाणारी. तिथल्या सरकारी शाळांचा कारभार गावाने निवडून दिलेले नऊ जणांचे मंडळ पाहते. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखेच म्हणा, फक्त अधिकार पुष्कळ जास्त.

ऑक्टोबर 2004 मध्ये या मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव घेतला. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचे. डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धान्तात उणिवा आहेत, आणि जीवसृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवली असे सांगणारे पुस्तकही उपलब्ध आहे, असा त्याचा मतलब. विज्ञानाच्या मास्तरांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी वरचे अधिकारी वर्गात जाऊन वाचून आले. अकरा पालक कोर्टात गेले.

निवेदनात देवाचे नाव कुठेच नव्हते. ‘हा धर्म नाही, हेही विज्ञानच,’ असे मंडळाचे म्हणणे. पण कोर्टात त्या पुस्तकाचे जुने खर्डे निघाले. सृष्टिनिर्मितीची धार्मिक शिकवण सरकारी शाळेत चालणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला होता. त्यानंतर खर्ड्यातले शब्द बदलले, मजकूर तोच ठेवला. एका ठिकाणी तर जुना शब्द अर्धवट खोडलेला तसाच राहिला होता! राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांनी 20 डिसेंबर 2005 रोजी 139 पानी निकाल देऊन ठराव घटनाबाह्य ठरवला. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत ठरावाच्या बाजूचे उभे राहिलेले आठही सदस्य पडले होते. वकिलांचा दहा लाख डॉलरचा खर्च मात्र गावाच्या माथी आला.

आपल्याकडे गोष्ट इथवर गेलेली नाही. पण जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिले नाही, तेव्हा अभ्यासक्रम बदलला पाहिजे. वरिष्ठ मंत्र्यांनी त्यांना आवरले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. कारण सांगितले ओझे कमी करण्याचे. 2023 मध्ये अठराशेवर शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. बारावीला तो भाग आहे, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या पोराला त्याचा काय उपयोग?

आणि हा धडा शेतकऱ्याच्या पोराला लागतोच. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, ती अळी काही आभाळातून पडली नव्हती. बीटीचे विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढत गेली. उत्क्रांती म्हणतात ती हीच. बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी याचसाठी होती. साध्या कपाशीवर विषाला बळी पडणारे पतंग जगावेत, त्यांचा वाचलेल्यांशी संकर व्हावा आणि विष पचवणारी जात वेगळी फोफावू नये. ती पुडी बांधावर फेकणारे आपणच.

सृष्टीची कथा सप्ताहात, कीर्तनात ऐकावी, कुणाची हरकत नाही. मात्र पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 28 सांगते. उद्या कुणी तसा ठराव घेऊन आले, तर सरपंच आणि समिती सदस्यांनी सहीआधी हे कलम वाचावे. शाळेचे पत्रे, पाणी, मुलींचे स्वच्छतागृह, यावर ठराव घ्यायला समितीला पुष्कळ वाव आहे.