अवघड गाण्याचं गाव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका जाणत्या काकांना मी ड्रीम थिएटर या अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल बँडची 'द डान्स ऑफ इटर्निटी' ऐकवली. सहा मिनिटांची रचना, गाणारं कुणी नाही, नुसतं वादन. काकांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हा त्यांचा मोठेपणा. मग म्हणाले, "हा गोंगाट आहे. गोंगाट नसला तर हिशोब आहे. आणि काहीही असलं तरी आपल्या मातीतलं नाही." जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं कसं ऐकायचं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांचंच हे मत. तोंडावर उलट बोलणं जमलं नाही. पण तिन्ही आक्षेप मला चुकीचे वाटतात, आणि ते खोडायची साधनं काकांनीच माझ्या हाती दिलेली आहेत.

आधी गोंगाट. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापलीकडे ताणला की ध्वनिलहरीची शिखरं कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश त्यात उगवतात. मेटलचा दाट, खरखरीत आवाज येतो तो इथून. आता मिरजेला चला, इथून पन्नासेक किलोमीटर. तिथला कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून घासून जवारी काढतो. तार घोडीच्या पाठीवर थरथरत राहावी आणि कोरड्या टणत्काराऐवजी स्वरांशांनी भरलेला झंकार उठावा, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. जवारी नसलेला तंबोरा कुठला गवई जवळ घेईल? दोन्हींची प्रक्रिया निराळी आहे, हे मान्य. पण स्वर नुसता स्वच्छ नको, भरलेला हवा, ही ओढ एकच आहे. शिवाय गिटारच्या त्या ताणलेल्या आवाजात गांधार मिसळला की स्वरांश एकमेकांवर आदळून चिखल होतो. म्हणून मेटलचा वादक बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम एवढेच एकत्र छेडतो. तंबोऱ्यावर आपण दुसरं काय लावतो?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. या रचनेत तालाचं माप शंभराहून अधिक वेळा बदलतं. हिशोब आहेच, तो नाकारायचा कशाला? माझा प्रश्न एवढाच की हिशोब असला म्हणजे गाणं संपतं, हे कोल्हापूरकरांनी कधीपासून मानायला सुरुवात केली? 1895 साली अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी आले. त्यांनी रुजवलेली जयपूर-अत्रौलीची गायकी म्हणजे अनवट आणि जोड राग, पेचदार ताना, आणि मात्रेमात्रेला लयीशी बांधलेला आलाप. बसंतीकेदार ऐकताना बसंत कुठे सुटला आणि केदार कुठे धरला, हे शोधण्यातच अर्धा आनंद असतो. या गायकीवरही 'बुद्धीची गायकी' असा शिक्का बसला, आणि तो मारणाऱ्यांना ती कोरडी म्हणायचं असायचं. वामनराव देशपांड्यांनी 1961 च्या 'घरंदाज गायकी'त याला फार नेमकं उत्तर दिलं आहे. घराण्यांची मांडणी त्यांनी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि जयपूर मध्ये, दोन्हींचा तोल सांभाळून. म्हणजे कसोटी 'अवघड आहे का' ही नव्हतीच. तोल आहे का, ही होती.

तीच कसोटी आता मेटलला लावू. स्वीडनच्या उमेओ शहरातला मेशुगा हा बँड 1987 चा. त्यांच्याकडे झांज सरळ चारचा ठेका धरते आणि गिटार व पायाचा ड्रम विषम लांबीचा बोल घोळवत राहतात. समजा, सात मात्रांचा बोल सोळा मात्रांच्या चक्रावर टाकला. चार आवर्तनांच्या 64 मात्रा. बोलाचे नऊ फेरे 63 ला संपतात, एक मात्रा उरते. ती भरली की सगळे मिळून समेवर. दरम्यान बोल दर फेरीला ठेक्यापासून सरकत जातो आणि कान आता हरवतो की मग हरवतो असं होतं. तिहाई समेवर पडताना ज्याच्या तोंडून आपोआप 'वा' निघतं, त्या श्रोत्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तो समेची वाटच पाहत बसलेला असतो.

मातीबद्दल थोडक्यात. जयपूर आणि अत्रौली, दोन्ही महाराष्ट्राबाहेर. खाँसाहेब राजपुतान्यातल्या उनियाऱ्याचे. त्यांच्या घराण्यातल्या केसरबाई आणि मोगूबाई गोव्याच्या, मन्सूर धारवाडकडचे. कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंब्यांनी नाव कमावलं ते पेटीवर, आणि पेटी युरोपातून आलेली. माती म्हणजे काय उगवलं एवढंच नसतं. काय रुजू दिलं, तेही असतं. मुंबईच्या 'कोशिश' या बँडने 2013 मध्ये 'फिरदौस' हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम हिंदीत केला, तेव्हा भाषा आडवी आली नाही. मराठीत हे काम झालेलं मला पाहायचं आहे.

मात्र आमच्या तरुण मित्रांचाही एक गैरसमज खोडला पाहिजे. त्यांना वाटतं, वेग आणि लांबी म्हणजेच प्रोग्रेसिव्ह. ड्रीम थिएटरचाच 2016 चा 'द अस्टॉनिशिंग' हा दोन तासांहून लांब अल्बम मला थकवतो. तिथे पसारा आहे, तोल सुटलेला आहे. काकांनी तो ऐकून नाक मुरडलं असतं, तर मी गप्प बसलो असतो.

पण या बँडचा इतिहास नुसत्या कसरतीचा नाही. जॉन पेट्रुची, जॉन म्यंग आणि माइक पोर्टनॉय ही बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातली पोरं 1985 मध्ये 'मॅजेस्टी' नावाने एकत्र आली. ते नाव दुसऱ्याचं निघालं, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका थिएटरचं नाव सुचवलं. रश या कॅनडाच्या बँडची लांब, गुंतलेली रचना आणि मेटलचं वजन, हा त्यांचा जोडराग. 1992 च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मधलं 'पुल मी अंडर' आठ मिनिटांचं असूनही रेडिओवर चाललं. मग कंपनीचा दबाव आला: छोटं करा, सोपं करा. 1997 च्या अल्बमवर त्या दबावाच्या खुणा आहेत आणि त्यात बँड मोडायला आला होता. त्यांनी मोकळीक मागून घेतली आणि 1999 मध्ये 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' केला. सत्याहत्तर मिनिटांची एक सलग कथा, पुनर्जन्म आणि खुनाची. 'द डान्स ऑफ इटर्निटी' तिच्यातलाच एक तुकडा आहे. काकांना मी तो कथेतून उपटून ऐकवला, ही माझी चूक. चीज न सांगता नुसती तान ऐकवण्यासारखं झालं.

आणि गळ्याचं काय? 1994 च्या अखेरीस क्यूबात अन्नातून विषबाधा होऊन या बँडचा गायक जेम्स लाब्री याच्या स्वरतंतूंना इजा झाली. दोनेक आठवड्यांत तो पुन्हा मंचावर उभा राहिला आणि पुढची अनेक वर्षं त्या जखमेशी झगडत गायला. खाँसाहेबांचाही आवाज ऐन उमेदीत गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या उरलेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, आणि तीच आज आपण घराणं म्हणून मिरवतो. दोघांची तुलना मी करत नाही. खाँसाहेबांची उंची निराळी. पण अवघड वाट हौसेखातर धरली जाते, हा समज दोन्हीकडे खोटा आहे.

येत्या रविवारी मी काकांकडे पुन्हा जाणार आहे. या वेळी मेशुगा घेऊन. तिथे झांज सरळ चार धरून चालते, टाळी द्यायला जागा आहे. सम कुठे ते आधी सांगेन, आणि मग लावेन.